'व्हिलन' आणि ग्राम्यता

मराठीने इंग्रजीकडून घेतलेल्या शब्दांची यादी करताना 'व्हिलन' हा शब्द बहुधा राहून जातो, कारण तो घेतलेला आहे हेच आता कोणाच्या ध्यानात येत नाही. नाटकाच्या आणि चित्रपटाच्या चर्चेत तो 'खलनायक' या शब्दापेक्षा अधिक सहजपणे येतो. घरातल्या भांडणात, कचेरीतल्या कुरबुरीत, राजकीय अग्रलेखातसुद्धा 'यातला खरा व्हिलन कोण?' असा प्रश्न बिनदिक्कत विचारला जातो. शब्द इतका पारदर्शक झाला आहे की त्याला काही इतिहास असेल अशी शंकाही येऊ नये. इतिहास मात्र आहे, आणि तो वाङ्मयसमीक्षेला थोडा अडचणीत टाकणारा आहे. कथानकातील दुष्टाचे स्थान आज ज्या शब्दाने दाखवले जाते, त्याचा मूळ अर्थ 'खेड्यात राहणारा, शेतावर राबणारा माणूस' एवढाच आहे. आणि या अर्थाचा अपकर्ष घडवून आणण्याचे काम जितके कायद्याने केले तितकेच, किंबहुना काकणभर अधिक, काव्याने आणि काव्यविचाराने केले.

इंग्रजी कोशांत हा शब्द दोन वर्णलेखनांनी नोंदलेला आढळतो. अंत्य अवयवात 'ए-आय' असेल तर दुष्ट मनुष्य, आणि 'ई-आय' असेल तर मध्ययुगीन जमीनदारीतले बद्ध कूळ, अशी वाटणी आता सर्वमान्य आहे. उच्चार दोहोंचा एकच. जुन्या लेखनात ही वाटणी पाळलेली दिसत नाही. तेथे दोन्ही लेखने दोन्ही अर्थांना सरसकट वापरलेली सापडतात. इतिहासकारांना कुळासाठी आणि नीतिज्ञांना दुष्टासाठी वेगळा शब्द मिळावा म्हणून एकाच शब्दाचे दोन शब्द करण्यात आले, आणि त्यांच्यामधले नाते कागदावरून पुसले गेले. कानाला ते अजून ऐकू येते.

व्युत्पत्तीची हकीकत फारशी वादग्रस्त नाही. लॅटिनमध्ये 'व्हिला' म्हणजे शेतजमिनीसह असलेला वाडा. मध्ययुगीन लॅटिनमधील 'व्हिल्लानुस' म्हणजे त्या वाड्याशी, पुढे त्या गावाशी, जोडलेला माणूस. 'व्हिला'चे मूळ ज्या इंडो-युरोपीय धातूत दाखवले जाते त्याच धातूपासून लॅटिन 'व्हीकुस' म्हणजे वस्ती, ग्रीक 'ओइकोस' म्हणजे घर आणि संस्कृत 'विश्' म्हणजे वसलेली जनता हे शब्द निघाले आहेत. 'विश्'पासून 'विश्पती' आणि 'वैश्य'. तेव्हा 'व्हिलन' आणि 'वैश्य' हे दूरचे का होईना, पण सगोत्र शब्द ठरतात, आणि धर्मशास्त्राने कृषिकर्म वैश्याकडेच सोपवले होते हे आठवले की हे गोत्र अगदीच कोशापुरते उरत नाही. अर्थात व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. शब्दाच्या मुळाशी जे होते तेच त्याच्या पोटात आजही आहे असे मानणे हा भाषाविचारातला जुनाच हेत्वाभास आहे. येथे मुळाचे महत्त्व आहे ते मुळापासून शब्द कोणत्या वाटेने, कोणाच्या हातून, सरकत गेला हे पाहण्यापुरते.

इ. स. १०८६च्या 'डूम्सडे बुक' या इंग्लंडच्या महसुली पाहणीत नोंदलेल्या माणसांपैकी सुमारे दोन-पंचमांश माणसे 'व्हिल्लानी' या वर्गात मोडतात. या नोंदीतील शब्दाचा अर्थ प्रथमतः 'गावचा माणूस' असाच घ्यावा लागतो, हे एफ. डब्ल्यू. मेटलंड यांनी 'डूम्सडे बुक अँड बियाँड' (१८९७) या ग्रंथात दाखवून दिले. बंधनाचा अर्थ नंतरच्या शतकात, राजाच्या न्यायालयांचा विस्तार होताना, आत शिरला. कोणाची फिर्याद राजाने ऐकायची आणि कोणाला त्याच्या धन्याकडे परत पाठवायचे हे ठरवण्यासाठी कायद्याला एक रेषा हवी होती, आणि 'व्हिलन' हे त्या रेषेपलीकडल्या माणसाचे नाव झाले. ग्लॅनव्हिलच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या बाराव्या शतकाच्या अखेरच्या ग्रंथात असे म्हटले आहे की, असा माणूस स्वतःच्या पैशाने स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेऊ शकत नाही, कारण त्याच्यापाशी जे काही आहे ते धन्याचेच आहे. मुलीच्या लग्नासाठी धन्याला पैसे भरायचे, कर्ता पुरुष मेला की गोठ्यातले उत्तम जनावर द्यायचे, आठवड्यातले ठरावीक दिवस धन्याच्या शेतावर राबायचे, अशी ही स्थिती होती. पण कायद्याची एक बारीक अट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. हा माणूस बद्ध होता तो धन्याच्या संबंधात. इतर जगाशी व्यवहार करताना तो मोकळ्या माणसासारखाच धरला जाई. त्याच्या स्वभावाविषयी किंवा नीतीविषयी कायद्याने काही मत दिले नव्हते. १३८१च्या उठावात शेतकऱ्यांनी लंडनवर चाल केली तेव्हा दुसऱ्या रिचर्डने हे बंधन रद्द करण्याचे वचन दिले आणि काही आठवड्यांतच ते मागे घेतले. परंतु त्या मोडलेल्या वचनातही प्रश्न दर्जाचाच होता, दुष्टपणाचा नव्हता.

दुष्टपणा दुसरीकडून आला. फ्रान्समधील दरबारी वाङ्मयात बाराव्या शतकापासून 'व्हिलँ' हा शब्द 'कुर्त्वा' म्हणजे दरबारी, सुसंस्कृत या शब्दाच्या विरोधात उभा राहिला. येथे विरोध जमिनीच्या हक्काचा उरत नाही; तो रुचीचा, बोलण्याचा आणि प्रेम करण्याच्या पात्रतेचा होतो. आंद्रेआस कापेलानुस याच्या 'दे आमोरे' या प्रेमविषयक लॅटिन ग्रंथात शेतकऱ्यांच्या प्रेमावर एक छोटे प्रकरण आहे. घोडा किंवा खेचर ज्या नैसर्गिक प्रेरणेने वागते त्याच प्रेरणेने शेतकरी वागतात, त्यांना नांगर आणि कुदळ पुरेशी आहे, प्रेमाची विद्या त्यांना शिकवू नये, असे तो सांगतो. आणि एखाद्या उमरावाचे मन शेतकरी स्त्रीवर गेलेच तर थोडी स्तुती करून नंतर बळ वापरायला त्याने कचरू नये, असेही सांगतो. ग्रंथकर्ता हे उपरोधाने लिहितो की गांभीर्याने, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण उपरोध मानला तरी ज्या वाचकांसाठी तो होता त्यांना ही वाटणी परिचित होती एवढे निश्चित.

इ. स. १२३०च्या सुमारास गियोम द लोरिस याने 'रोमाँ द ला रोज' या रूपककाव्याचा पहिला भाग रचला. त्यात प्रेमाच्या उद्यानाभोवती उंच भिंत आहे आणि उद्यानात ज्यांना मज्जाव आहे त्यांच्या आकृती भिंतीच्या बाहेरच्या अंगाला रंगवलेल्या आहेत. द्वेष, लोभ, मत्सर, ढोंग यांच्या रांगेत तेथे 'व्हिलनी' आहे, वार्धक्य आहे आणि दारिद्र्यही आहे. दुर्गुण आणि दुःस्थिती यांना एकाच भिंतीवर एकाच हाताने चितारणारी ही रचना या शब्दाच्या इतिहासाचा गाभा मानावी लागेल. गरिबी हा दोष कसा, असा प्रश्न उद्यानाच्या आत असलेल्याला पडत नाही.

चॉसरने याच काव्याचे इंग्रजी भाषांतर करायला घेतले होते, त्यामुळे 'कँटरबरी टेल्स'मधील या शब्दाच्या वापरात फ्रेंच दरबाराचे वळण असणे स्वाभाविक आहे. त्याच्या प्रास्ताविकातील सरदार कधी कोणाशी 'व्हिलनी' बोलला नाही, अशी त्याची स्तुती आहे. याहून अर्थपूर्ण स्थळ त्याच प्रास्ताविकाच्या शेवटी येते. पात्रांचे बोलणे जसेच्या तसे, उघड शब्दांत सांगावे लागेल, तरी हा आपला 'व्हिलनी'पणा समजू नये, अशी विनंती निवेदक श्रोत्यांना करतो. येथे शब्दाचा अर्थ दुष्टपणा नाही. तो आहे भाषेतला उघडेपणा, आडपडदा न ठेवता बोलणे. 'वाइफ ऑफ बाथ'च्या कथेत म्हातारी याच्या उलट बाजूने बोलते. कुलीनता जन्माने येत नाही, नीच कर्म करणारा सरदारपुत्रही गावंढळच ठरतो, असा तिचा युक्तिवाद आहे. युक्तिवाद उदार आहे यात शंका नाही. तथापि त्यातील निंदेचा शब्द शेतकऱ्याकडूनच उसना घेतलेला आहे. सरदाराला खाली ओढायचे तर ओढून कोठे न्यायचे, याचे उत्तर म्हातारीपाशीही दुसरे नाही.

चॉसरच्या विनंतीपाशी मराठी वाचकाला 'ग्राम्य' हा शब्द आठवल्यावाचून राहणार नाही. संस्कृत साहित्यशास्त्रात ग्राम्यता हा काव्यदोष आहे, आणि तो काय आहे याची उत्तरे एकसारखी नाहीत. दंडीने माधुर्याच्या विवेचनात ग्राम्यतेचे उदाहरण म्हणून एका मुलीला उद्देशून केलेली सरळ प्रेमयाचना दिली आहे, आणि तीच याचना मदनाच्या क्रूरपणाची तक्रार म्हणून वळवून सांगितली की ती अग्राम्य होते असे दाखवले आहे. पहिल्या वाक्यात अश्लील असा एकही शब्द नाही. दोष आहे तो इच्छेला पडदा नसण्याचा. वामनाने केवळ लोकव्यवहारात चालणारे पद ते ग्राम्य, अशी व्याख्या केली. मम्मटाने उदाहरण म्हणून 'कटि' हा एकच शब्द पुढे केला. कंबरेला कंबर म्हणणे एवढ्याने पद ग्राम्य होते! उद्भटाच्या अनुप्रासविचारात मात्र 'ग्राम्या' ही उपनागरिकेच्या आणि परुषेच्या बरोबरीची एक वृत्ती आहे, दोष नाही. तिलाच पुढे 'कोमला' म्हटले गेले. शास्त्रालाही हा शब्द नेहमी नावडता होता असे नाही, हे नोंदवणे न्यायाचे होईल. पण शिक्षणक्रमात टिकला तो मम्मटाचा दोषविचार.

फ्रेंच-इंग्रजी दरबारी परंपरा आणि संस्कृत साहित्यशास्त्र यांच्यात या बाबतीत देवाणघेवाण झाली असे मानण्याचे कारण नाही. साम्य आहे ते वाङ्मय कोणासमोर वाचले जात होते याचे. नागरक आणि दरबारी दोघेही स्वतःला ज्या गुणाने ओळखत होते तो गुण म्हणजे इच्छा आणि उच्चार यांच्यामध्ये अंतर राखण्याची कला. ज्याच्यापाशी हे अंतर राखायला सवड नाही, त्याला नाव द्यायचे तर ते गावाचेच असणार.

पाश्चात्त्य विचारात या प्रकारच्या अर्थापकर्षाची मीमांसा निरनिराळ्या बाजूंनी झाली आहे. नीत्शेने 'नीतीची वंशावळ' (१८८७) या ग्रंथात जर्मन 'श्लेख्त' म्हणजे वाईट आणि 'श्लिख्त' म्हणजे साधा हे मुळात एकच शब्द असल्याकडे बोट दाखवले, आणि 'चांगले-वाईट' ही जोडी प्रथम उच्च-नीच याच अर्थाने जन्मली असा सिद्धान्त मांडला. सी. एस. लुइस यांनी 'स्टडीज इन वर्ड्स' (१९६०) मध्ये याच घटनेला दर्जावाचक शब्दांचे नैतिकीकरण असे नाव दिले. उच्च दर्जाचे शब्द गुणवाचक होतात, हीन दर्जाचे दोषवाचक होतात. 'व्हिलन' हे त्यांच्या उदाहरणांपैकी एक. लुइस यांना हे सर्व वरच्या वर्गाच्या तुच्छतेचे फळ आहे असे म्हणणे अपुरे वाटते. वरच्या वर्गापुढे आचरणाचा आदर्श ठेवण्याची आकांक्षाही त्यात त्यांना दिसते. नीत्शेला या व्यवस्थेचे कौतुक होते आणि लुइस यांना तिच्याविषयी एक प्रकारची ममता होती, हे दोघांच्या लेखनशैलीवरूनही कळते. रेमंड विल्यम्स यांच्या 'द कंट्री अँड द सिटी' (१९७३) मध्ये ही ममता नाही. खेड्याचे गोंडस चित्र काढताना राबणारे हात चित्रातून कसे वगळले जातात याचा त्यांनी लावलेला शोध या शब्दालाही लागू पडतो.

तरीही 'दर्जाकडून नीतीकडे' हे सूत्र 'व्हिलन'च्या बाबतीत पुरे पडत नाही. हे सूत्र एक सरळ रेषा गृहीत धरते. प्रत्यक्षात शब्द वाटेत उलटा फिरला आहे. दरबारी वाङ्मयातील 'व्हिलन'चा दोष फार उघडे असण्याचा होता, तर आजच्या 'व्हिलन'चा दोष फार झाकलेले असण्याचा आहे. जो मनातले लपवू शकत नाही त्याचे नाव, जो मनातले कोणाला कळू देत नाही त्याला मिळाले. हे उलटणे नैतिकीकरणाने उलगडत नाही. त्यासाठी रंगभूमीकडे जावे लागते.

शेक्सपिअरच्या 'ॲज यू लाइक इट'च्या पहिल्याच प्रवेशात दोघे भाऊ भांडतात. थोरल्या ऑलिव्हरने आपल्याला शेतकऱ्यासारखे वाढवले, कुलीनाला साजेसे काही शिकू दिले नाही, अशी धाकट्या ऑर्लँडोची तक्रार आहे. थोरला त्याला 'व्हिलन' म्हणतो. धाकटा उत्तरतो की आपण 'व्हिलन' नाही, सर रोलंडचे पुत्र आहोत, आणि अशा बापाच्या पोटी असली संतती आली असे म्हणणाराच तिप्पट 'व्हिलन' आहे. थोरला शब्द फेकतो शिवी म्हणून. धाकटा तो झेलतो जातकुळीच्या अर्थाने आणि परत फेकताना दोन्ही अर्थ एकत्र करतो. पुढच्या काळातील काही संपादकांनी येथे एका जागी 'ई-आय' आणि दुसऱ्या जागी 'ए-आय' असे लेखन करून अर्थ सुटा करून दिला आहे. प्रेक्षकाच्या कानाला असा काही भेद नव्हता, आणि संवादाची धार त्या भेद नसण्यावरच आहे.

कालक्रमही विचारात घेण्यासारखा आहे. राजघराण्याच्या जमिनींवर उरलेल्या बद्ध माणसांना मुक्त करण्याची व्यवस्था एलिझाबेथ राणीने १५७४ मध्ये केली. हे नाटक त्यानंतर पाव शतकाने आले. कायद्यातला 'व्हिलन' जवळजवळ नामशेष झाला तेव्हा रंगमंचावरचा 'व्हिलन' भरात येत होता. खराखुरा धारक उरला नाही म्हणजे शब्द कोणालाही चिकटवायला मोकळा होतो. (कायद्यातला हा मृत शब्द पुढे एकदाच चांगल्या कामी आला. १७७२ मध्ये जेम्स सॉमरसेट या कृष्णवर्णीय गुलामाच्या खटल्यात फ्रान्सिस हारग्रेव्ह यांनी असा युक्तिवाद केला की इंग्लंडच्या कायद्याला गुलामीचा ठाऊक असलेला एकमेव प्रकार म्हणजे हे जुने बंधन, आणि ते तर संपुष्टात आले आहे.)

'रिचर्ड द थर्ड'च्या आरंभीचे स्वगत या दृष्टीने वाचले तर त्यात दरबारी काव्याची जुनी व्यवस्था जशीच्या तशी दिसते. आपले शरीर बेडौल आहे, या मिठास बोलण्याच्या दिवसांत आपल्याला प्रेमी होता येणार नाही, म्हणून आपण 'व्हिलन' होण्याचे ठरवले आहे, असे रिचर्ड सांगतो. 'प्रेमी' आणि 'व्हिलन' हे पर्याय आज विसंगत वाटतात. दुष्टाचा विरुद्धार्थी शब्द सज्जन असायला हवा. पण 'रोमाँ द ला रोज'ची भिंत आठवली की विरोध बरोबर लागतो. ज्याला उद्यानात प्रवेश नाही तो भिंतीवरच्या आकृतींत जाऊन बसतो. फरक इतकाच की हा भिंतीबाहेरचा माणूस राजपुत्र आहे, आणि गोड बोलण्यात तो सगळ्या दरबाराला मागे टाकतो.

'हॅम्लेट'मध्ये हा शब्द सिंहासनापर्यंत पोचतो. पित्याच्या पिशाच्चाची भेट झाल्यावर हॅम्लेट आपल्या टिपणवहीत जे नोंदवतो ते असे की माणूस सतत हसतमुख राहूनही 'व्हिलन' असू शकतो. हे त्याला नोंदवून ठेवावेसे वाटते, कारण त्याच्या शिक्षणाने त्याला याच्या उलट शिकवलेले आहे. स्मितहास्य हा दरबारी शिष्टाचाराचा भाग. 'व्हिलन'ला तो येत नाही हीच तर त्याची ओळख होती. दुसऱ्या अंकाच्या शेवटच्या स्वगतात हा गुंता पुरता उकलतो, किंवा पुरता आवळला जातो. नट निघून गेल्यावर राजपुत्र प्रथम स्वतःलाच हलकट आणि शेतकरी गुलाम म्हणतो. मग आपल्याला कोण 'व्हिलन' म्हणतो, असे अदृश्य प्रतिपक्षाला विचारतो. आणि काही ओळींतच तोच शब्द विशेषणांची माळ लावून राजा क्लॉडियसवर पुनःपुन्हा आदळतो. एकाच स्वगतात शेतकरी हा शब्द भेकडपणाची शिवी आहे, आणि शेतकऱ्यापासूनच निघालेला दुसरा शब्द राजाच्या पापाचे नाव आहे. नवा अर्थ आला म्हणून जुना गेला असे झालेले नाही. राजाला शिवी द्यायला निघालेल्या राजपुत्राच्या तोंडात ती शिवी प्रजेतल्या सर्वांत खालच्या माणसाच्या नावाने येते. चॉसरच्या म्हातारीची अडचण दोनशे वर्षांनी हॅम्लेटपाशीही कायम आहे.

उघडेपणाचा जुना अर्थ मात्र रंगभूमीने एका वेगळ्या जागी शिल्लक ठेवला. रिचर्ड, इयागो, एडमंड हे नाटकातल्या इतर पात्रांशी जितके झाकून बोलतात तितकेच प्रेक्षकांशी उघडे बोलतात. नायकाचे स्वगत बहुधा स्वतःशी असते. 'व्हिलन'चे थेट समोरच्याशी असते. चार्ल्स लॅम यांनी जॉन पामर या नटाविषयी लिहिताना त्याला दोन आवाज होते असे म्हटले आहे, आणि दुसरा आवाज फक्त प्रेक्षकांसाठी राखलेला, नाटकातल्या पात्रांना जणू ऐकूच न येणारा, असे त्याचे वर्णन केले आहे. शेरिडनच्या जोसेफ सरफेसच्या भूमिकेत गाजलेल्या नटाविषयीचे हे निरीक्षण सगळ्या खलभूमिकांना लागू करण्यासारखे आहे. गडकऱ्यांच्या 'भावबंधना'तील घनश्याम प्रेक्षकांना आवडतो तो या दुसऱ्या आवाजामुळे. जो पडदा न ठेवता बोलतो तो ग्राम्य, हे जर साहित्यशास्त्राचे म्हणणे असेल, तर नाट्यगृहात प्रेक्षक ज्याच्याशी सर्वांत अधिक सलगी करतो तो ग्राम्यच म्हणावा लागेल.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत शब्दाचा सामाजिक पत्ता पुरता बदलला. रिचर्डसनच्या 'क्लॅरिसा'मधील लव्हलेस उमराव आहे, ॲन रॅडक्लिफच्या 'द मिस्टरीज ऑफ उडोल्फो' (१७९४) मधील मोंतोनी किल्ल्याचा धनी आहे, आणि मेलोड्रामातील ठरलेला 'व्हिलन' म्हणजे गावचा जमीनदार. १८२७ साली सफोकमधील एका खेड्यात मारिया मार्टेन या तरुणीचा खून झाला. तिचा मारेकरी विल्यम कॉर्डर हा शेतकऱ्याचा मुलगा. रंगमंचावर त्याला जमीनदार करण्यात आले, कारण प्रेक्षकांच्या मनात ते सोंग आधीच तयार होते. 'व्हिला'च्या धन्याला 'व्हिला'वरच्या कुळाचे नाव मिळाले. यात शब्दाने घेतलेला सूड पाहणे मोहक आहे, पण तसा हेतू कोणाचा होता असे दाखवता येत नाही. मेलोड्रामाच्या स्वस्त जागांवर बसणाऱ्या प्रेक्षकांपैकी कित्येक खेड्यातून शहरात आलेले होते, एवढे म्हणता येते.

मराठीत हा शब्द आला तो याच टप्प्यावर, दुष्टाच्या अर्थाने आणि कुळाचा अर्थ मागे टाकून. त्याच्या आधी येथे 'प्रतिनायक' होता. 'दशरूपका'तला प्रतिनायक लोभी, उद्धत, पापी असला तरी तो नायकाचा शत्रू म्हणून त्याच्याच तोलाचा असतो. 'खल' हा शब्द लोकभाषेत अधिक मुरला. ज्ञानदेवांनी पसायदानात खळांचा नाश मागितला नाही, त्यांचे वाकडेपण जावे असे मागितले. धान्य मळण्याच्या जागेलाही संस्कृतात 'खल' म्हणतात आणि मराठी 'खळे' त्यातूनच आले. 'व्हिलन'ची कथा ऐकलेल्याला या दोन 'खलां'ची गाठ घालण्याचा मोह होईल. ध्वनिसाम्य हा पुरावा नव्हे हे त्याने ध्यानात ठेवावे.

समीक्षेच्या परिभाषेतही हा शब्द कसा हात दाखवतो याचे उदाहरण व्लादिमीर प्रॉप यांच्या लोककथामीमांसेत आहे. त्यांच्या १९२८च्या ग्रंथात कथेतील सात कार्यक्षेत्रांपैकी पहिल्याला दिलेला रशियन शब्द 'व्ह्रेदितेल' असा आहे. त्याचा अर्थ अपाय करणारा, नासधूस करणारा. पिकावरच्या किडीलाही तो लागतो. १९५८च्या इंग्रजी भाषांतरात त्याचे 'व्हिलन' झाले, आणि त्या भाषांतरावरून शिकणाऱ्यांनी मराठीत 'खलनायक' केले. प्रॉप यांनी कृतीला दिलेले नाव भाषांतरात माणसाच्या जातीला दिलेले नाव झाले. निरपेक्ष वाटणाऱ्या मूळ रशियन शब्दालाही आपला काळ होताच. त्याच १९२८ साली शाख्ती येथील खाणींच्या अभियंत्यांवर जो खटला चालला त्यातील आरोपाचा शब्दही हाच होता.

मराठी चित्रपटाने मेलोड्रामाचा जमीनदार सहज आपलासा केला. बाबुराव पेंटर यांच्या 'सावकारी पाश' (१९२५) या मूकपटात शेतकऱ्याला देशोधडीला लावणारा सावकार आहे. मूकपटात त्याला बोली नव्हती. बोलपटाच्या काळात पाटील, सावकार, सरपंच यांना बोली मिळाली आणि येथे शब्दाच्या इतिहासाने पुन्हा एक वळण घेतले. 'सामना' (१९७५) मधील हिंदुराव धोंडे पाटील हा साखरसम्राट आहे, म्हणजे 'व्हिला'चा आधुनिक धनी. पण निळू फुले यांच्या तोंडी त्याची भाषा गावची आहे. त्याच्यासमोरच्या मास्तरांची भाषा प्रमाण मराठीच्या जवळची. तेंडुलकरांनी दोघांनाही पुरेसे गुंतागुंतीचे ठेवले आहे, हिंदुरावाला तर विशेषच. पण त्या साच्याच्या नंतर आलेल्या नकलांत ती गुंतागुंत राहिली नाही. बोली ऐकू आली की प्रेक्षकाने सावध व्हावे, अशी सवय चित्रपटाने कानाला लावली. धन्याला धडा शिकवता शिकवता शिक्षा पुन्हा गावच्या उच्चाराला झाली.

'ग्रामीण साहित्य' ही संज्ञा मराठीत प्रतिष्ठित करताना आनंद यादव आणि त्यांच्या समकालीनांना 'ग्राम्य' हा शब्द कटाक्षाने दूर ठेवावा लागला. 'ग्रामीण' म्हणजे गावासंबंधीचे, 'ग्राम्य' म्हणजे असभ्य, अशी वाटणी आज पाठ्यपुस्तकांतही शिकवली जाते. इंग्रजीने 'ए-आय' आणि 'ई-आय' यांनी जे साधले तेच येथे प्रत्ययांनी साधले आहे. पाणिनीच्या एकाच सूत्राने 'ग्राम' शब्दाला दोन्ही प्रत्यय सांगितले आहेत. त्यातून 'ग्राम्य' आणि 'ग्रामीण' ही दोन्ही रूपे सिद्ध होतात, आणि दोन्हींचा अर्थ गावात झालेला, गावात असणारा, असाच आहे. वाटणी व्याकरणाची नाही, ती दोषप्रकरणाची आहे. ती पत्करून चळवळीने आपल्या लेखकांची असभ्यतेच्या आरोपातून सुटका करून घेतली. मात्र 'ग्राम्य' या शब्दाखाली मम्मटाने जे ठेवले होते, कंबरेला कंबर म्हणणारी लोकव्यवहारातली भाषा, ती त्या वाटणीत पलीकडेच राहिली. तुकोबांची गोष्ट वेगळी होती. देवाने आपल्याला कुणबी केले हे बरे झाले, नाहीतर दंभ वाट्याला आला असता, असे म्हणताना त्यांनी शब्दाची अशी कोणतीच फोड केली नव्हती.